अक्काबाईची तपकिरीची रेकॉर्ड

सावळीराम भडांगे कुणाच्याही घरी गेला, की आधी माणसांकडे नाही, टेबलाकडे बघायचा. टेबलावरून तळहात फिरवायचा, बोटं नाकाशी नेऊन हुंगायची, आणि मग यजमानाला विचारायचं, "बरं आहे ना सगळं?" मुलासाठी, दिनेशसाठी, मुलगी बघायला गेले होते तेव्हाचा किस्सा तर पंचवटीत अजून मीठमसाला लावून सांगतात. मुलगी शिकलेली, नाकीडोळी नीटस, पोहेसुद्धा मोकळे झालेले. सावळीरामने बैठकीतलं सनमायका चिकटवलेलं शोकेस पाहिलं आणि परत येताना रिक्षात म्हणाला, "नको. जी माणसं लाकूड झाकतात ती आणखी काय काय झाकतील." मोहिनीबाई, त्याची बायको, घर येईपर्यंत पदर तोंडात धरून हसत होती. पुढे दिनेशचं लग्न तृप्तीशी झालं. तृप्तीच्या माहेरी नुसत्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या होत्या, त्यामुळे झाकाझाकीचा प्रश्नच नव्हता.

हसून घ्या. पुढे हसण्यासारखं थोडं आहे, पण ते हसू घशाखाली उतरणारं नाही.

सावळीरामचा धंदा फ्रेंच पॉलिशचा. वडलांचाही तोच. लाखेचा चपडा स्पिरिटमध्ये विरघळवायचा, कापसाचा बोळा मलमलीत बांधायचा, त्याला चपड्याचं पाणी पाजायचं, तेलाचं बोट लावायचं आणि लाकडावर गोल गोल हात फिरवत राहायचं. आज एक थर, उद्या एक थर. घाई केली की लाकूड रुसतं. आणि सगळं झाल्यावर, तेलाचा जो धुरकट पडदा वर राहतो तो उडवायला नुसत्या स्पिरिटचा एक हलका हात. याला त्यांच्यात "शेवटचा हात" म्हणतात. तो दिला की लाकडात तोंड दिसतं. वडलांनी हा हात त्याला मिसरूड फुटायच्या आत शिकवला होता आणि शिकवताना कानाखालीही वाजवली होती, त्यामुळे तो पक्का बसला होता. हा माणूस जेवण झाल्यावर ताटावरूनसुद्धा तसाच हात फिरवतो, असं मोहिनीबाई सांगायची.

आता फवाऱ्याने मारायची पॉलिशं आली. सकाळी मारलं की संध्याकाळी पाहुणे बसतात. सावळीरामचा धंदा बसला, गुडघेही बसले. घरामागे पत्र्याची शेड होती, तिच्यात बाटल्या, बोळे आणि जुन्या खुर्च्यांचे पाय घेऊन तो बसून असायचा. गिऱ्हाईक नव्हतं, पण वास होता. वासावर माणूस किती दिवस काढणार.

घरात त्याची थोरली बहीणही होती, अक्काबाई. चांदवडकडे दिलेली, नवरा गेला, पोटी मूल नाही, म्हणून भावाने आणून ठेवलेली. पाच-सहा वर्षांपूर्वी तिच्या गळ्याचा आजार निघाला. डॉक्टरांनी गळ्यातली आवाजाची पेटीच काढून टाकली. मानेला पुढून भोक, त्यावर सुती रुमाल. जीव वाचला, आवाज गेला. तेव्हापासून अक्काबाई हातांनी बोलते. गल्लीतली मालनबाई म्हणते, आवाज होता तेव्हा एवढ्या शिव्या देत नव्हती. खोटं नाही. सकाळी नळाला पाणी आलं नाही, की अक्काबाईच्या दहा बोटांतून महापालिकेचा जो उद्धार होतो तो बघायला पोरं ओट्यावर जमतात.

पण एके काळी याच अक्काबाईच्या गळ्यासाठी माणसं भर उन्हात थांबायची. गणपतीतल्या मेळ्यात ती गवळणी म्हणायची तेव्हा ती सतरा वर्षांची होती. बन्सीशेठ तपकीरवाल्याने तिला ऐकलं आणि त्याच्या व्यापारी डोक्यात किडा वळवळला. त्याने तिला, सोबत वडलांना, मोटारीत घालून मुंबईला नेलं आणि एक रेकॉर्ड भरून घेतली. एका बाजूला गवळण, पण आतला माल तपकिरीचा:

शिंकला गं बाई यशोदेचा हरी,
चिमूट कुणाची होती, कुणाची तपकिरी.

दुसऱ्या बाजूला खुद्द बन्सीशेठचं भाषण. स्वतःच्या पैशाने रेकॉर्ड भरतोय तर अर्धी आपल्याला का नको, असा त्याचा हिशेब.

रेकॉर्डी तयार होऊन येईपर्यंत अक्काबाईचं लग्न लागून ती सासरी गेलीसुद्धा. आणि नवरात्रात चांदवडच्या जत्रेत तपकिरीच्या गाडीवर कर्णा लावून ती रेकॉर्ड वाजली. सासरे तिथेच फिरत होते. त्यांनी कौतुकाने विचारलं, "ह्यो गळा कुनाचा म्हनायचा?" कुणीतरी आगाऊ बोलला, "पाव्हणं, तुमच्याच सुनेचा." सासरे घरी आले, पागोटं खुंटीला लावलं आणि म्हणाले, "आमच्या सुनेचा आवाज तालुक्याच्या नाकात जातोय. हे चालायचं नाय." झालं. त्या दिवसापासून गाणं बंद, जत्रा बंद. रेकॉर्ड घरात आणायची तर बातच नको. बन्सीशेठकडच्या उरलेल्या थप्प्या नदीकाठच्या वखारीत होत्या, त्या एकोणसत्तरच्या पुरात गेल्या.

म्हणजे बघा, तालुक्याने ऐकली, जत्रेतल्या बैलांनी ऐकली, एका अक्काबाईने तेवढी ऐकली नाही. आपला आवाज आपल्याला आतून ऐकू येतो. बाहेर तो कसा पडतो ते दुसऱ्याला माहीत. ती संसारभर याबद्दल चकार शब्द बोलली नव्हती. पण गळ्याच्या ऑपरेशननंतर घरी आल्यावर तिने भावाला जवळ बोलावलं, हवेत बोटाने चकती फिरवली, कानाला हात लावला आणि एक बोट वर केलं. एकदाच. मला एकदाच ऐकायचाय.

सावळीरामने मान डोलावली. आता कुठून आणणार होता तो? जुन्या बाजारात, भंगारवाल्यांकडे, लासलगावपर्यंत बन्सीशेठच्या नातेवाइकांकडे जाऊन आला. बन्सीशेठच्या पणतूला तपकीर म्हणजे काय हेच सांगावं लागलं.

आणि मग गंगापूर रोडवरून अश्विनचा फोन आला. अश्विनच्या आजोबांची वकिली मोठी, बंगला मोठा, आणि त्या बंगल्यात एक रेडिओग्राम होता. वरचं झाकण उघडलं की रेकॉर्ड लावायची तबकडी, पुढे व्हॉल्व्हचा रेडिओ, पोटात मोठा कर्णा, बाजूला रेकॉर्डी ठेवायचा कप्पा, आणि हे सगळं एका सागवानी पेटीत. सावळीरामने वडलांबरोबर तिला पॉलिश केलं होतं, पुढे एकट्यानेही एकदा. आता बंगला पाडून तिथे मजल्यावर मजले चढणार होते.

"काका, तो पेटारा तुम्ही नेता का? नाहीतर भंगारवाला दारात उभा आहे."

"पेटारा म्हणू नका साहेब," सावळीराम म्हणाला. "आणि भंगारवाल्याला चहा पाजा, पण हात लावू देऊ नका."

टेम्पो करून त्याने तो आणला. शेडमध्ये उतरवला, बाजूचा कप्पा उघडला. उंदरांनी संसार थाटलेला, लेंड्या, कुरतडलेली कागदी पाकिटं. त्यांच्या खाली चार-पाच रेकॉर्डी. एकीच्या मधल्या चिठ्ठीवर चित्र होतं: झुपकेदार मिशा, नाकाशी धरलेली चिमूट. बन्सीशेठ.

सावळीराम तिथेच मातीत बसला. मग त्याने मोहिनीबाईला हाक न मारता अक्काबाईला बोलावलं. ती आली, तिने मिशा ओळखल्या, आणि भावाच्या पाठीत असा एक धपाटा घातला की तो पुढे हेलपाटला. त्या घरात आनंदाची तीच रीत.

आता मशीन चालू व्हायला हवं होतं. भद्रकालीतला शेखर रेडिओवाला सावळीरामचा शाळेपासूनचा दोस्त. त्याच्या दुकानात आता पुढे मुलाची मोबाइलची कव्हरं लटकतात आणि मागे अडगळीत शेखर बसतो. शेखरला गाणं कळत नाही, पण मशीनची घरघर कळते. तिला तो हम म्हणतो. स्वतःच्या लग्नात सनई सुरू झाली तेव्हा बोहल्यावरून हा भटजींना म्हणाला होता, "कर्ण्याला हम येतोय."

तृप्तीने मध्येच सुचवलं, "बाबा, माझ्या ऑफिसातल्या एकाचा मित्र पुण्यात रेकॉर्डी कॉम्प्युटरवर उतरवून देतो. आत्या मोबाइलवर ऐकतील."

"मोबाइलवर?" सावळीराम म्हणाला. "साठ वर्षं थांबलेलं माणूस मोबाइलवर ऐकणार? वकिलांच्या दिवाणखान्यात माणसं जशी ऐकायची तशी ऐकेल माझी बहीण. समोर बसून."

तृप्तीने विषय सोडला. सून होती, शहाणी होती. तिने जरा हट्ट धरला असता तर बरं झालं असतं, असं पुढे गल्लीत सगळ्यांनाच वाटलं. पण मागाहून वाटून काय उपयोग.

पावसाळ्यानंतर काम सुरू झालं ते पाडव्यापर्यंत चाललं. शेखर दर रविवारी यायचा. त्याने मशीन थेट विजेला लावलं नाही. मध्ये एक बल्ब जोडला. आत काही बिघाड असला तर बल्ब भक्कन पेटतो आणि मशीन जळायचं वाचतं. पहिल्या रविवारी बल्ब असा पेटला की शेड उजळली. "आत कुणीतरी मेलंय," शेखर म्हणाला. सुकलेले कंडेन्सर काढले, दोन व्हॉल्व्ह मेलेले निघाले, ते त्याने आपल्या बिस्किटाच्या डब्यातून काढून दिले. तबकडी फिरवणारं रबरी चाक दगड झालं होतं, ते नवीन करून आणलं. रेकॉर्डीला लागणारी सुई मिळायला दिवाळी उलटली.

इकडे सावळीराम पेटीला लागला. लाकडावरचा पातळ सागवानी पापुद्रा फुगला होता. त्याच्याखाली सरस भरायचा आणि वरून गरम इस्त्रीने दाबायचं. इस्त्री मोहिनीबाईची. मग तिच्या पांढऱ्या साडीवर एक दिवस तपकिरी इस्त्री उठली.

"अहो, हे काय?"

"सरस आहे. जाईल."

"तुमची रेकॉर्ड वाजेपर्यंत माझ्या अंगावर धडका कपडा राहायचा नाही."

"वाजली की नवीन घेऊ."

"कशातून? चपड्यातून?"

अक्काबाई रोज दुपारी शेडच्या दारात येऊन उभी राहायची आणि मनगट फिरवायची. कधी? सावळीराम लाकडाकडे बोट दाखवायचा. लाकूड सांगेल तेव्हा. मग तिच्या बोटांतून लाकडाची आई-बहीण निघायची आणि ती आत जायची. पण जाता जाता तिचा हात पेटीवरून एकदा फिरायचा. भावासारखाच, गोल.

फाल्गुनात एका रविवारी शेखरने बल्ब काढला आणि मशीन सरळ विजेला लावलं. व्हॉल्व्ह हळूहळू तांबूस झाले. रेडिओवर आधी खरखर, मग कुठल्याशा बाजारभावाच्या बातम्या लागल्या. शेखर म्हणाला, "आता रेकॉर्ड लाव. चाचणी."

सावळीरामने दाराकडे पाहिलं. अक्काबाई मालनबाईबरोबर भाजीबाजारात गेली होती. मोहिनीबाई भिशीला. तृप्ती स्वयंपाकघरात मिक्सरवर चटणी वाटत होती. अक्काशिवाय लावायची? पण न लावता पाडव्याला बहिणीला बसवलं आणि रेकॉर्ड वाजलीच नाही तर? त्याने रेकॉर्ड ठेवली, सुई टेकवली.

आधी खरखर. मग बाजाच्या पेटीचे दोन सूर. आणि मग ती.

सावळीरामने त्या वेळी काय ऐकलं ते त्याचं त्यालाच माहीत. बघणारा सांगेल, तर त्याचं तोंड उघडं राहिलं आणि हातातलं फडकं खाली पडलं. दोन ओळी झाल्या, न झाल्या, त्याने घाईने सुई उचलली.

"का रे?" शेखर म्हणाला. "चांगलं चाललं होतं. हम अगदी नावाला."

"पुढचं अक्का ऐकेल. आधी तिने ऐकायचं."

मिक्सर थांबवून तृप्ती दारात आली. "वाजली? बाबा, पुन्हा लावा की, मी मोबाइलमध्ये घेऊन ठेवते. असू द्या आपल्याकडे."

"पाडव्याला," सावळीराम म्हणाला. "आधी तिचे कान. मग तुमचे मोबाइल."

शेखरने हत्यारं गोळा केली आणि जाता जाता म्हणाला, "खरखर जरा आहे. धूळ असेल. तेवढी पुसून ठेव."

धूळ पुसायला सांगून तो गेला. त्याची काही चूक नाही. धूळ होतीच.

पाडव्याच्या आदल्या दिवशी सावळीरामने पेटीला शेवटचा हात द्यायला घेतला. बोळा नवा बांधला, स्पिरिटमध्ये भिजवला, पिळला, ओठाला लावून पाहिला. झाकण, पुढची फळी, बाजू, पाय. धुरकट पडदा उडत गेला आणि आतून सागाच्या रेषा वर आल्या. जन्मातलं शेवटचं मोठं काम होतं हे, त्यालाही माहीत होतं. त्याने मागे सरून पाहिलं. पेटीच्या झाकणात शेडचे पत्रे दिसत होते, पत्र्यावरचं ऊन दिसत होतं, आणि स्वतःचं तोंडही दिसत होतं.

झाकणाशेजारी स्टुलावर, मऊ फडक्यावर, रेकॉर्ड ठेवली होती. गवळणीची बाजू वर. काळी, गोल, धुळीने मंद झालेली.

इथे कुणी म्हणेल, त्याने विचार केला नसेल का. नाही केला. हाताने केलं. जो हात साठ वर्षं काम संपताना शेवटच्या वस्तूवरून फिरत आला, तो बोळ्यासकट त्या रेकॉर्डीवर गेला आणि गोल फिरला. मऊ, न दाबता, वडलांनी कानाखाली वाजवून शिकवला तसा. एकदा, पुन्हा, आणखी एकदा. बोळा काळा झाला. केवढी घाण, सावळीराम मनात म्हणाला. साठ वर्षांची धूळ. त्याने कापड उलटं केलं आणि स्वच्छ बाजूने पुन्हा फिरवला. रेकॉर्ड आरशासारखी चकाकली. तो खूश झाला. इतका खूश, की संध्याकाळी मोहिनीबाईला म्हणाला, "उद्या तू नवी साडी नेस." तिच्याकडे नवी नव्हती, हे त्याच्या लक्षात नव्हतं.

पाडव्याला गुढी उभारली, श्रीखंड झालं, आणि दुपारी रेडिओग्राम पुढच्या खोलीत आणून ठेवला. गल्ली लोटली. मालनबाई सगळ्यांत पुढे. शेखर धुतलेल्या सदऱ्यात. दिनेश सुट्टी असून घरात, हेच नवल. तृप्तीने मोबाइल तयार धरला. अक्काबाईने हिरवं लुगडं नेसलं होतं, गळ्यावर धुतलेला रुमाल, केसांना तेल. तिला खुर्चीत समोर बसवलं. तिने दोन्ही हात मांडीवर असे ठेवले होते जसे बायका फोटो काढताना ठेवतात.

"लाव आता," मालनबाई म्हणाली. "का मुहूर्त बघतोस?"

सावळीरामने सुई टेकवली.

खरखर आली. नुसती खरखर नाही, मातीवरून पत्रा ओढावा तसा आवाज. पेटीचे सूर यायला हवे होते, आले नाहीत. त्या आवाजाच्या फार खाली, विहिरीच्या तळाशी कुणी बोलावं तसं काहीतरी हललं आणि विरलं. सुई सरकत सरकत मध्यापर्यंत गेली.

"वायर असेल," दिनेश म्हणाला.

शेखर उठला. सुई पाहिली, व्हॉल्व्ह पाहिले. कप्प्यातली दुसरी एक रेकॉर्ड लावली, ती लख्ख वाजली, कुणा बँडवाल्यांची. मग त्याने बन्सीशेठची रेकॉर्ड उचलली, खिडकीत नेऊन तिरकी धरली. नाकाशी नेली.

"सावळ्या, कशाने पुसलीस?"

सावळीरामने बोटं नाकाशी नेऊन हुंगली.

"लाखेची असते रे ही. तुला मी काय सांगायचं."

आणि तेव्हा सावळीरामला वडलांची बरणी आठवली. वकिलांच्या काळ्या खुर्च्यांना लावायचं काळं पॉलिश वडील कसं करायचे? फुटक्या रेकॉर्डींचे तुकडे स्पिरिटमध्ये टाकून. विरघळले की झालं काळं पॉलिश. तुकडे करायचं काम लहानग्या सावळीरामचं. विटेवर ठेवायचे, हातोडी मारायची आणि बरणीत टाकायचे. हे त्याला माहीत होतं. पंचवटीत दुसऱ्या कुणाला माहीत नसेल, पण त्याला होतं. काल बोळ्याला लागलं ती धूळ नव्हती. ती अक्काबाई होती.

कुणालातरी वाटलं, दुसरी बाजू बघावी. बहुतेक दिनेशला. कुणी अडवायच्या आत त्याने रेकॉर्ड उलटी लावली. खालची बाजू फडक्यावर होती, तिला बोळा लागला नव्हता. आणि खोली दणाणून बन्सीशेठ बोलला, खणखणीत, जणू दारातच उभा:

"बंधू आणि भगिनींनो, डोकं जड झालं तर दोष डोक्याचा नव्हे. दोष तपकिरीचा आहे, कारण ती आमची नव्हे."

मालनबाईला हसू फुटलं. तिचा दोष नाही, भाषणच तसं होतं. मग तिने पदर तोंडाला लावला आणि ते हसू भलतीकडेच गेलं. बन्सीशेठ पुढे बोलतच राहिला. सर्दी, डोकेदुखी, सुस्ती, सगळ्यावर एकच चिमूट. त्याचा आवाज थांबवायचं कुणाला सुचलं नाही. शेवटी अक्काबाईनेच उठून सुई उचलली, जपून, रेकॉर्डीला ओरखडा न येऊ देता. आणि आत निघून गेली.

पुढचे दिवस वाईट गेले. गल्लीने आठवडाभर हा विषय चघळला. मुद्दाम थोडंच केलं, असं तोंडावर आणि म्हातारपणी हात आवरत नाहीत, असं पाठीमागे. तृप्तीने इंटरनेटवर रेकॉर्डी जमवणाऱ्या सगळ्यांना विचारलं. कुणाकडे नव्हती. शेखर दोनदा येऊन चहा पिऊन गेला. मोहिनीबाईने नवऱ्याला एका शब्दाने टोचलं नाही. चाळीसेक वर्षं टोमण्यांवर जगलेल्या माणसाला ते फार लागलं. "बोल की काहीतरी," तो तिला म्हणाला. ती म्हणाली, "जेवून घ्या."

त्याने रेडिओग्रामवर पोतं टाकलं. शेडमधल्या स्पिरिटच्या बाटल्या मोरीत ओतल्या. मोहिनीबाईने थांबवलं नाही. सगळ्या घराला दिवसभर तो वास येत राहिला.

आणि अक्काबाईचे हात थांबले. पाणी आलं नाही तरी थांबलेलेच. पोरं ओट्यावर येऊन बसायची, वाट बघायची, निघून जायची. ती भाजी निवडायची, देवाला फुलं वाहायची, आणि हात पुन्हा मांडीवर ठेवून बसायची. आवाज गेला तेव्हा ती मुकी झाली नव्हती. आता झाली.

मग एका दुपारी ती शेडमध्ये आली. सावळीराम रिकाम्या बाटल्यांमध्ये बसला होता. तिने स्टूल ओढलं आणि त्याच्यासमोर गुडघ्याला गुडघा लागेल अशी बसली. बोट त्याच्या कानाला लावलं. मग स्वतःच्या रुमालाला. मग तळहात उताणा केला.

तू ऐकलंस. कसा होता?

सावळीरामला कळलं. शेखर त्या दिवशी हम ऐकत होता, तृप्ती मिक्सर. मेळ्यात आणि जत्रेत ऐकलेली माणसं गेली होती, त्याचं स्वतःचं लहानपणीचं ऐकणंही पुसलं होतं; या जगात अक्काबाईचा तो गळा ऐकून सांगू शकणारा आता तो एकटाच होता, आणि त्याच्याकडे दोन ओळी होत्या.

"चांगला होता अक्का," तो म्हणाला.

तळहात तसाच.

"गोड होता. खूपच."

तळहात हलला नाही. गोड कुठलाही असतो.

"मोकळा होता," त्याने डोळे मिटले. "सागावर रंधा मारल्यावर पहिली रेघ दिसते बघ, तसा... नाही, तसं नाही. पाण्यावरून आल्यासारखा. 'हरी' म्हणताना जरा फाटला."

तिने मान डोलावली. फाटतो तिथे, ते तिला माहीत होतं. ते आतूनही कळायचं. पुढे?

त्याने आयुष्यभर लाकडाशी बोलून काढलं होतं. म्हणून त्याने जे होतं ते काढून दाखवायचं ठरवलं. घसा खाकरला आणि गाऊ लागला. शिंकला गं बाई, यशोदेचा हरी.

बाहत्तरीच्या पुढचा, स्पिरिटच्या वाफेने खरडलेला गळा तो. तिने मान हलवली, नाही. चाल बरोबर होती बहुतेक, पण तिने चाल विचारली नव्हती. त्याने पुन्हा म्हटलं, जरा वर धरून. नाही. पुन्हा, बारीक आवाजात, पोरीसारखा. एरवी त्यावर अक्काबाईने गल्ली गोळा केली असती. आता ती टक लावून त्याच्या ओठांकडे बघत होती, जणू तिथून आणखी कुणी बाहेर येणार होतं. त्याने पुन्हा म्हटलं.

आणि म्हणता म्हणता त्याच्या ध्यानात आलं, की प्रत्येक वेळी तो गातो तेव्हा कानातला तो दुसरा आवाज थोडा मागे सरतो. पहिल्यांदा तो अगदी जवळ होता, शेडमध्ये होता. मग ओट्यावर. मग गल्लीच्या टोकाला. त्याने घाबरून भरभर म्हटलं, पकडायला धावावं तसं. 'हरी' कसा फाटला होता? असा? का असा? आता कानात स्पिरिटने खरडलेला एकच गळा उरला होता आणि तो सावळीराम भडांग्याचा होता.

तो तरी म्हणतच राहिला. थांबला असता तर काय सांगणार होता तिला.

अक्काबाईने त्याचं तोंड पाहिलं. तिला कळलं असावं. ती पुढे झुकली आणि तिने त्याच्या ओठांवर हात ठेवला. तळहाताखाली त्याचा आवाज थोडा वेळ थरथरत राहिला. मग तोही थांबला.